झीलकऱ्याचं इंग्लिश

विश्रामबागेत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर शिवांजली मॅडमचा इंग्लिश बोलायचा क्लास भरतो. खालून पावाचा गरम वास येत असतो आणि वर माणसं एकमेकांना 'हाऊ आर यू' विचारत असतात. बहुतेक कॉलेजची पोरंपोरी, कुणी बँकेच्या परीक्षेला बसलेलं, एखादी नवी सून. त्यांच्यात भिंतीकडेच्या बाकावर नाथाजी लवटे बसायचा. वय पंचेचाळीसच्या पुढं, कुपवाडच्या एका कारखान्यात मशीनवर काम. शिफ्ट सुटल्यावर हात साबणानं कितीही घासले तरी नखांच्या कडेला लोखंडाची काळी रेघ राहायचीच. म्हणून तो हात बाकाखाली ठेवायचा.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

"युअर नेम," नाथाजी म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "नाथाजी."

"व्हेअर डू यू वर्क?"

"यू वर्क... कुपवाड. वर्क कुपवाड, मॅडम."

मागच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या स्वतःच जेमतेम पंचविशीच्या, कवितांवर एम.ए. केलेल्या, हसण्याची किंमत त्यांना ठाऊक असावी. पण आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं आणि एकदा क्लास सुटल्यावर जिन्यात त्याला थांबवून म्हणाल्या, "काका, राग मानू नका. तुम्ही माझंच वाक्य मला परत देताय. शेपटीकडून."

नाथाजीला कळेना यात चूक काय. घरी येऊन त्यानं बायकोला, राणीला, ते सांगितलं. "समोरच्यानं येवडं इच्यारलं तर त्येचा शब्द उचलून धराय नको व्हय?"

"तुमी आयुष्यभर तेच करत आलायसा," राणी भाकरी थापता थापता म्हणाली. "त्या पोरीला एका आठवड्यात कळलं."

राणीचं खरं होतं. नाथाजीचं गाव कवठे महांकाळकडचं, माळरानावरचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बापानं अर्धी विकून माळ नांगरला, उरलेली नाथाजीनं भावाच्या हवाली केली आणि कुपवाडची वाट धरली. मग गावाशी गाठ राहिली ती ओव्यांची. जत्रेत बिरोबापुढं आकारामतात्या गायला उभा राहिला की त्याच्या मागं झीलकरी उभे राहायचे. नाथाजी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यात होता. झीलकऱ्याचं काम सांगायला सोपं. गाणाऱ्यानं ओळ सोडली की तिचा शेवट उचलायचा, घोळवायचा, लांबवायचा आणि त्याला परत द्यायचा. तेवढ्या वेळात गाणारा दम घेतो, पुढची ओळ आठवतो. "शेवट भुईवर पडू द्यायचा न्हाई पोरा," तात्यानं त्याला सांगितलं होतं, "वळ पडली म्हंजे मानूस पडला."

ते त्याच्या अंगात असं मुरलं, की गाण्याबाहेरही सुटेना. साहेब म्हणाला, "हे आजच्या आज झालं पाहिजे," की नाथाजी म्हणायचा, "आजच्या आज, साहेब." भाऊ म्हणाला, "बांध मी घेतो," की हा म्हणायचा, "तू घे." लोकांना बरं वाटायचं. आपलं बोलणं कुणीतरी झेललं, असं वाटायचं. नाथाजी गुणाचा माणूस, असं सगळेच म्हणायचे, आणि पुढच्या कामाला लागायचे.

कारखान्यातला जुना सुपरवायझर सोडून गेला आणि जिन्यावरची काचेची केबिन रिकामी झाली, तेव्हा नाथाजीच्या जिवाला घोर लागला. आत एक खुर्ची होती, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला लोक दार ढकलून विचारायचे, "काय करू?" नाथाजीला आजवर कामातलं काही कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्याच्या हाताखाली मशीन शिकलेली पोरं इंग्लिश बोलता येतं म्हणून त्या काचेच्या आत बसून पुढं पुण्याला निघून गेली, आणि तो बाहेर उभाच होता. उभं राहून पाय दुखायचे, ते एक वेळ चाललं असतं. पण आता त्याला वाटायला लागलं होतं, की आपल्यालाही कुणीतरी विचारावं.

कारखाना ऋषिराजचा. तिशीतला मालक, वडिलांच्या मागं सगळं सांभाळणारा. त्याला डेन्मार्कचं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांच्या व्हॉल्व्हच्या बॉडी इथं घासून, भोकं पाडून जायच्या. तिकडचा हेन्रिक नावाचा साहेब जरा वेगळा निघाला. मालकाशी मेलवर बोलणं होतंच, म्हणाला. दर शुक्रवारी मला मशीनपाशी असणाऱ्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचंय.

"तुम्ही बोला, नाथाजी," ऋषिराज म्हणाला. "मार्चअखेरपर्यंत बघू. जमलं तर केबिन तुमची. नाही जमलं तर फलटणचा विश्वजीत आहे, डिप्लोमावाला. तो यायला तयारच बसलाय."

"तयारच बसलाय," नाथाजी म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्यानं क्लासचे पैसे भरले.

त्यानंतर त्याला चैन म्हणून नव्हतं. मशीन चालू असताना ओठ हलायचे. चहाच्या टपरीवर कपाकडं बघून तो 'धिस इज अ कप' पुटपुटायचा. मनात मराठी वाक्य उभं राहायचं, मग त्याचा एकेक शब्द उचलून पलीकडं न्यायचा, आणि शेवटचा शब्द पोचेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. पाठ केलेलं पाठ असायचं. मधेच कुणी अडवलं की पुन्हा पहिल्यापासून. मॅडम सांगायच्या, "चुका काका, चुकलं तरी बोला." पण चुकायची लाज या वयात वेगळी असते. पोरगं चुकलं तर शिकतंय म्हणतात. नाथाजी चुकला की त्याला आपला सगळा जन्म चुकल्यासारखा वाटायचा.

शेजारच्या मशीनवर गुंडा नावाचा गडी होता. त्याच्याच गावचा, तात्याच्या मागं दुसरा झीलकरी. तो रोज विचारायचा, "काय रं साहेब, इंग्लिशमधी शिकतोस खरं, पर शिंकतोस कवा?"

पहिला शुक्रवार आला. केबिनमध्ये लॅपटॉप लावला. पडद्यावर पिकल्या दाढीचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. नाथाजीनं हात टेबलाखाली घेतले.

"द फिनिश इज व्हेरी गुड," हेन्रिक म्हणाला.

"व्हेरी गुड, सर."

"वी आर हॅपी विथ द फर्स्ट लॉट."

"फर्स्ट लॉट हॅपी, सर."

हेन्रिक हसला. नाथाजीही हसला. दहा मिनिटं ओळ सुटत राहिली आणि शेवट उचलला जात राहिला. संपल्यावर ऋषिराजनं पाठीवर थाप मारली. "माणूस फार पॉझिटिव्ह आहे म्हणाला तुमच्याबद्दल. चला, जमतंय की!"

मॅडमना त्यानं ते आनंदानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान," आणि थोड्या वेळानं, "पण काका, त्यात तुम्ही काय बोललात?" नाथाजीनं आठवून पाहिलं. काहीच सापडेना. त्या दिवशी बेकरीसमोर गाडी चालू करूनही तो बराच वेळ तिथंच उभा होता.

पुढचे दोन शुक्रवारही गोड गेले. चौथ्या शुक्रवारी हेन्रिक घाईत होता. जहाजाची तारीख अलीकडं आलीय म्हणाला, कंटेनर लवकर भरायचाय. "सो, कॅन वी हॅव ऑल ऑफ देम रेडी बाय द ट्वेंटी-एट्थ?"

"ट्वेंटी-एट्थ, सर. रेडी, सर."

"ग्रेट! थँक यू, नाथाजी!"

पडदा काळा झाला. शब्द निघून गेले होते, आणि त्यांच्या मागून धापा टाकत त्यांचा अर्थ आला. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. शब्द न्‌ शब्द त्याला कळला होता. अठ्ठावीस तारीख. चोवीसपासून बिरोबाची जत्रा. चार दिवस निम्मी पाळी गावाकडं. दर वर्षी त्या दिवसांत मशीन झाकून ठेवायची रीत होती. माल अठ्ठावीसला हवा तर ते चारही दिवस मशीन चालायला हवं, रात्रपाळीसकट.

उठून तसंच ऋषिराजकडं जावं, असं त्याला वाटलं. पण पहिल्या शुक्रवारची थाप अजून पाठीवर गरम होती. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रिकचं आभाराचं मेल येऊन पडलं होतं आणि फळ्यावर ऋषिराजच्या अक्षरात लिहिलं होतं, की या वर्षी जत्रेच्या सुट्ट्या रद्द.

टपरीवर गुंडानं त्याला गाठलं. "खरं सांग. कुनी हां म्हनलं?"

"मी."

"कुनाला इच्यारून?"

"इच्यारलं कुटं? त्यो म्हनला, मी बी म्हनलो."

"त्यो म्हनला, तू बी म्हनलास!" गुंडानं कप बाकड्यावर आदळला. "आरं, तात्याचा दम आता दोन वळीच्या वर टिकत न्हाई. मागं आपुन दोगं हाय म्हनून म्हातारं हुबं ऱ्हातंय. आपुन न्हाई गेलो तर त्येच्या मागं कोन? त्यो तुजा हेन्रिक येनार हाय झील धराय?"

टपरीवाला हसला. गुंडा हसत नव्हता. बाकीची गावाकडची माणसं कप घेऊन जरा लांब जाऊन उभी राहिली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नाथाजीला वाटलं.

त्याच दुपारी तात्याचा फोन आला. म्हाताऱ्याच्या आवाजात बोलण्यापेक्षा वाराच जास्त. "येतायसा न्हवं रं दोगं? ह्या वर्साला गळा साथ देतोय का बगूया. फुडच्याचं काय सांगावं."

"काय सांगावं, तात्या," नाथाजी म्हणाला. "येतोय दोगं बी."

फोन खिशात घालताना त्याच्या लक्षात आलं, की आपण एकाच तोंडानं दोन शब्द दिलेत, आणि दोन्ही दुसऱ्यांचेच.

संध्याकाळी तो ऋषिराजपुढं जाऊन उभा राहिला आणि अडखळत सगळं सांगितलं. "साहेब, तुमी त्यास्नी एक मेल टाका. नाथाजीचं चुकलं म्हनून."

ऋषिराजनं खुर्ची मागं सरकवली. तो वाईट माणूस नव्हता, पण गिऱ्हाईक नवं होतं. "मी टाकलं तर तो म्हणेल, माणूस एक बोलतो आणि मालक एक. मग शुक्रवारच्या फोनला अर्थ काय? शब्द तुमच्या तोंडून गेलाय. मागं घ्यायचा असेल तर तुम्हीच घ्या, येत्या शुक्रवारी. सुट्टीचं मग मी बघतो. पण ऑर्डर बिघडायला लागली तर मला विश्वजीतला बोलवावं लागेल. नंतर म्हणू नका, आधी सांगितलं नाही."

म्हणजे गप्प बसलं तर खुर्ची, आणि बोललं तर जत्रा. खरं तर त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. तात्याला उघड्यावर सोडणं नाथाजीच्यानं झालंच नसतं. अडचण वेगळीच होती. 'नो' एवढा एक शब्द, जो क्लासमधल्या शेंबड्या पोराला येतो, तो तोंडातून निघेल याची त्याला खात्री नव्हती.

सोमवारी त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. झील म्हणजे काय, तेही. सांगताना एक ओळ गाऊनही दाखवली, हलक्या आवाजात, बाकीची पोरं यायच्या आधी. मॅडम टेबलावर कोपरं टेकून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, या आठवड्यात इंग्लिश नको. फक्त गप्प बसायला शिकायचं. मी हेन्रिक होते. माझं वाक्य संपलं की तुम्ही काही बोलायचं नाही. वाक्य पडू द्या. पडलं तर मी उचलीन."

त्या विचारायच्या, आणि वाक्य संपायच्या आतच नाथाजीचे ओठ हलायचे. "ट्वेंटी—"

"नाही. पडू द्या."

पुन्हा. त्यानं दात आवळले. खाली बेकरीत कुणीतरी पत्र्याचे ट्रे एकावर एक रचत होतं.

"रिकामं ऱ्हायलं की ऱ्हावत न्हाई, मॅडम. आपल्या हयगयीनं कुनीतरी पडलं, असं वाटतंय."

"कुणी पडलं नाही. मी इथंच बसलेय बघा."

घरी राणीनंही हौसेनं हेन्रिकचं काम घेतलं. लाटणं कानाला लावून खर्जात विचारायची, "बोला, अट्टाविसाला देताय का न्हाई?" नाथाजी गप्प. ती वाट बघायची, पुन्हा विचारायची, आणि तिसऱ्यांदा लाटणंच उगारायची. "आवं, त्येला नसंल तर ऱ्हाऊ द्या, बायकूला तर उत्तर द्या!" तो हसायचा, पण जेवण अर्धंच जायचं. मशीनवर एक बॉडी त्यानं उलटी लावली. वेळेत ध्यानात आलं म्हणून वाचली. गुंडा बघत होता. त्यांच्यात आठवडाभर बोलणं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी नाथाजी केबिनमध्ये शिरला. काचेपलीकडं खाली मशीनं चालू होती, पण माणसांच्या माना इकडंच होत्या. ऋषिराज मुद्दाम खाली थांबला होता. पडदा उजळला. हेन्रिक कॉफी पीत होता.

"हॅलो, नाथाजी! सो, एव्हरीथिंग इज ऑन ट्रॅक फॉर द ट्वेंटी-एट्थ?"

शेवट हवेत आला. ओळखीचा, गोल, हाताच्या अंतरावर. नाथाजीच्या घशात तो उचलायची हालचाल झाली. त्यानं गुडघ्यावर मूठ आवळली आणि तो पडू दिला.

काहीच झालं नाही. हेन्रिक बघत राहिला. मग पडद्याजवळ येऊन म्हणाला, "हॅलो? कॅन यू हिअर मी?"

"आय हिअर, सर." आणि मग, "नो, सर."

"सॉरी?"

"ट्वेंटी-एट्थ, नो. लास्ट फ्रायडे आय सेड यस. माय माउथ सेड. आय... नॉट थिंक." वाक्यं मोडकी येत होती, पण येत होती, एकेक तो आतून ओढून काढत होता, विहिरीतून पोहरा ओढावा तशी.

हेन्रिकनं कप खाली ठेवला. "व्हाय?"

याची तयारी त्यानं केली होती, पण आता त्यातलं काही जागेवर नव्हतं. बिरोबा कोण, माळावर भंडारा उधळला की हवा कशी पिवळी होते, एका म्हाताऱ्याला श्वास घ्यायला मागं दोन गळे लागतात, यातलं काहीच त्याच्याजवळच्या इंग्लिशमध्ये मावत नव्हतं. "अवर गॉड," तो म्हणाला. "फेअर. ऑल मेन गो. आय ऑल्सो. फोर डेज मशीन स्टॉप. एव्हरी इयर स्टॉप."

पलीकडं बराच वेळ शांतता. ही शांतता त्याची नव्हती, ती भरायची जबाबदारी त्याची नव्हती, हे स्वतःला सांगत तो बसून राहिला. पाय मात्र टेबलाखाली हलत होते.

"ओके. व्हेन, देन?"

'व्हेन'ला शेपूट नव्हतं. त्यातून उचलून परत देण्यासारखं काही नव्हतं. मग कधी? हे फक्त विचारलेलं होतं, आणि त्यालाच विचारलेलं होतं. त्यानं काचेतून मशीनांकडं पाहिलं, माणसं परत येण्याचा दिवस धरला, आजारी पडणारा एखादा धरला, वीज जाणारी एक दुपार धरली.

"एप्रिल फिफ्थ," तो म्हणाला. "धिस... आय से. थिंक अँड से."

"आय ॲम नॉट हॅपी, नाथाजी."

"आय नो, सर."

"आय हॅव टू टॉक टू ऋषिराज." आणि पडदा काळा झाला.

तो बाहेर आला तेव्हा गुंडा मशीन बंद करून, वर येऊन दारातच उभा होता. आठवड्यानंतर पहिल्यांदा बोलला. "काय म्हनला?"

"रागावलाय."

"आन तू काय म्हनलास?"

"न्हाई म्हनलो."

गुंडानं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, ताप आलाय का बघावं तसं. मग आपल्या खिशातली तंबाखूची पुडी त्याच्यापुढं धरली.

ऋषिराज तासाभरानं वर आला. हेन्रिकशी त्याचं बोलणं झालं होतं. "झालेला माल अठ्ठावीसला जाईल, उरलेला पाच एप्रिलला दुसऱ्या जहाजानं. हेन्रिक कसाबसा तयार झाला. फळा पुसून टाका, सुट्ट्या आहेत." मग केबिनकडं बघत, नाथाजीकडं न बघता, तो म्हणाला, "विश्वजीत एक तारखेपासून येतोय. तुमच्यावर राग नाही माझा. पण दर शुक्रवारी असा घोर मला परवडणार नाही."

'परवडणार न्हाई, साहेब,' हे जिभेवर तयार होतं. नाथाजीनं ते गिळलं. खुर्ची गेली, हे त्याला कळलं. आज नाही, उद्या घरी बसल्यावर ते नीट दुखेल, हेही कळलं. पण आत काहीतरी उभं राहिलं होतं ते बसेना.

"साहेब," तो म्हणाला, "विश्वजीत बसू दे खुर्चीत. बोलू दे. पर शुक्रवारी फोन लागला की मी बी शेजारी बसनार. तारीख मी दिलीया. पाच तारखेचं इच्यारलं तर त्येचं उत्तर माझ्याकडं पायजे."

नाथाजीचं वाक्य त्या दोघांच्या मधे, तेलकट फरशीवर पडून राहिलं. त्याच्या पुढं लगेच 'तुमी म्हनाल तसं' जोडावं, म्हणजे ते पोरकं वाटणार नाही, असं त्याला फार वाटलं. त्यानं काही जोडलं नाही.

खाली कुणीतरी ऋषिराजला हाक मारली. "बघू," तो म्हणाला, आणि जिना उतरायला लागला. अर्ध्यावर थांबून त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

हे 'बघू' हो होतं की नाही, नाथाजीला कळलं नाही. तो कठड्याला धरून तिथंच उभा राहिला, उत्तराची वाट बघत.